जांभळाला बांधलेली चिंधी

आमच्या घरात दोन आवाज दिवसभर चालू असत, एक मायच्या शिलाई मशीनचा आणि दुसरा मायचा. मशीन निदान दोरा तुटला की गप्प बसायची. माय तेव्हाही बोलायची, नवा दोरा ओठांत धरून, आणि त्या दोऱ्याआडून येणारे शब्द फक्त मला आणि दादांना कळायचे. दादा म्हणजे माझे वडील. हा माणूस इतका कमी बोलायचा, की पाव्हणे आले की मायला हळूच विचारायचे, "बरं हाय ना ह्यांचं?" पालमहून एसटीनं निघालं की शेवटचा थांबा आमचं उमरथडी. तिथं आमच्या दोन खोल्या, पुढं पत्र्याची ओसरी आणि ओसरीत मशीन. सकाळी चूल दादाच पेटवायचे, कारण मायच्या मते चूल पेटवणं हे गप्प माणसाचं काम. मग माय भाकरी थापायची. थापण्याचा आवाज थांबला की थोड्या वेळानं मशीन सुरू व्हायची, आणि मी अंथरुणातूनच ओळखायची की आता उठलं नाही तर वाटीतलं पिठलं दादा संपवणार. सुट्टीच्या दिवशी सुशीला असायची. भिजवलेले चुरमुरे, करडीच्या तेलातली फोडणी, वरून दाण्याचं कूट. पुढं पुण्यात राहिले तेव्हा "आज सुशीला खाल्ली" म्हटल्यावर मैत्रिणी माझ्याकडं अशा काही बघायच्या की विचारू नका.

कात्रणाला आमच्याकडं मरण नव्हतं. ब्लाऊज शिवून उरलेले तुकडे माय रंगाप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत भरायची. त्यांच्या उशा व्हायच्या, गोधड्या व्हायच्या, गरम पातेलं धरायची फडकी व्हायची, आणि अगदीच काही झालं नाही तर खुणेच्या चिंध्या व्हायच्या. शेजारी दिलेल्या तांब्याला चिंधी, दुसऱ्यांच्या कोंबड्यांत मिसळणाऱ्या आमच्या कोंबडीच्या पायाला चिंधी, गिरणीत ठेवलेल्या ज्वारीच्या डब्याला चिंधी. दादा एकदाच म्हणाले, "एक मला बी बांध. बाजारात हरवलो तर सापडंल." माय चार दिवस हसत होती. मशीन चालवता चालवता मध्येच तिला आठवायचं आणि पाय थांबायचा.

माय पावणेपाच फुटांची होती. मी आठवीतच तिच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागले, आणि पालमच्या कॉलेजात बारावी सायन्सला होते तेव्हा साडेपाच फूट ओलांडून दोन बोटं वर गेले होते. "सुभद्रेनं पोरगी न्हाई, शिडी जन्माला घातली," असं गाव म्हणायचं. माळ्यावरचं काही काढायचं असलं की चार घरं सोडूनसुद्धा मला बोलावणं यायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही, उलट थोडा ताठाच होता. पण एक गोष्ट सलायची. इतर पोरी आईच्या कुशीत सरळ शिरायच्या. मला मायच्या छातीवर डोकं ठेवायचं तर कमरेतून वाकावं लागायचं. माय म्हणायची, "खाली हो की जरा, शिडे," आणि दोन्ही हातांनी माझं डोकं ओढून घ्यायची. तिच्या अंगाला मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास यायचा. अजूनही कापडाच्या दुकानात गेले की मी उगीचच जास्त वेळ काढते, आणि दुकानदाराला वाटतं बाई मोठी खरेदी करणार.

गावाच्या खालच्या अंगाला, गंगेच्या काठानं, लांबच लांब गायरान होतं. गंगा म्हणजे गोदावरी. आमच्याकडं तिला गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात म्हणायचे. दर पुरात काठ ढासळायचा म्हणून मायच्या बचत गटातल्या सात बायकांनी तिथं करंज, जांभूळ, सादडा अशी रोपं लावली होती. जुने कडुलिंब होतेच. झाडं चांगली डोक्यावर गेल्यावर परभणीहून एका कंपनीची माणसं आली. त्यांचं म्हणणं असं, की ही झाडं तोडू नका, कुंपण घालून तिथं गुरं सोडू नका, दरवर्षी झाडांचा घेर मोजून आकडे द्या, आणि झाडांनी हवेतला जितका कार्बन पोटात घेतला असेल त्याचे पैसे गावाला मिळतील. कार्बन क्रेडिट हा शब्द गावात तेव्हा नवाकोरा होता. पारावर त्याचे दहा अर्थ निघाले. मायनं एकाच वाक्यात मिटवलं. "मोठमोठे कारखाने धूर सोडायलेत, आपली झाडं तो धूर खायलीत, आन कारखानेवाले त्याचं जेवणावळीचं बिल देणार." माझ्या सायन्सच्या वहीत याहून चांगलं लिहिलेलं नव्हतं, हे मी तेव्हा मान्य केलं नाही.

अडचण होती म्हाळू आबांची. आबा धनगर, त्यांच्या शेळ्या तीन पिढ्या त्या गायरानावर चरत आलेल्या. ग्रामसभेत ते काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "सुभद्रे, झाडं धूर खातील, पैसा गाव खाईल. माझ्या शेळ्यांनी काय खायाचं?" कुणीतरी हसायला गेलं आणि गप्प बसलं. माय उठली. उठली तरी मागच्यांना दिसत नव्हती, म्हणून तिला खुर्चीवर उभं केलं.

"आबा, पहिला पैसा आला की वरच्या माळावर पाणी न्यायचं आन हिरव्या चाऱ्याचा मळा करायचा. तुमच्या शेळ्यांसाठी. हे ठरावात लिहून घ्या. तवर दोन वर्सं कळ काढा."

"आन न्हाई आला पैसा, तर?"

"तर मी सोता येऊन कुंपण उपटीन. शब्द हाय माझा."

आबांनी निम्म्या शेळ्या विकल्या आणि उरलेल्या घेऊन रोज दोन कोसांवरच्या माळाला जायला लागले. सकाळी आमच्या ओसरीवरूनच त्यांची वाट होती. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजायला लागल्या की माय मशीन थांबवून "आबा, च्या घेता का?" म्हणायची. आबा कधी घ्यायचे, कधी नुसतेच हात करून पुढं जायचे. घंट्या पूर्वीपेक्षा कमी वाजायच्या, हे आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं.

मोजणी शिकवायला कंपनीचे एक साहेब आले. ताडमाड उंच, आमच्या दारातून वाकून आत येणारे. "झाडाचा घेर इथं घ्यायचा, छातीएवढ्या उंचीवर," असं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला. मायनंही ठेवला. सोपं होतं सगळं. जाताना साहेबांनी एक छापील कागद दिला, चांगला जाड, गुळगुळीत. मायनं त्यावरून दोनदा हात फिरवला. त्या हात फिरवण्याचा अर्थ पुढं उलगडला.

पहिल्या वर्षीची सगळी मापं मायनंच घेतली. गावात टेप हाताळावी तर तिनंच. बाकीच्या बायका कुणी आकडा लिहून घ्यायची, कुणी मोबाईलवर झाडाचा फोटो काढायची, आणि माय टेप घेऊन झाडाला ब्लाऊजचं माप घेताना बोलते तसंच बोलायची. "सरळ उभी ऱ्हा बाई. श्वास धरू नको. लय सुटलीस गं ह्या साली!" बायका पोट धरून हसायच्या. एक झाड मोजून झालं की टेप जिथं लागली होती बरोबर तिथंच माय कात्रणाची एक चिंधी बांधायची, मोजलेलं झाड पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून. चार दिवसांत गायरान नटून बसलं. गावातल्या अर्ध्या बायकांना आपापल्या ब्लाऊजचं कापड तिथं ओळखू यायचं. "अगं, तो सादडा माझ्या भाचीच्या लग्नातला," असं एकजण म्हणायची आणि दुसरी लिंबावर आपला हक्क सांगायची.

त्या वर्षीची येळवस आम्ही त्याच झाडांखाली केली. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्याकडं काही गावांत ती पाळतात, काहींत नाही. त्या दिवशी सगळं घर रानात जेवतं. कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग पंगत. सगळ्या शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मोठ्या मडक्यात ताकातली आंबील. आमच्या घरी आंबील दादा करायचे. आदल्या दिवशीपासून ते ताकाकडं असे काही बघत बसायचे की मायला हेवा वाटावा. त्या वर्षी मायनं आबांना हात धरून पंगतीत बसवलं. आबांनी भज्जी दोनदा मागून घेतली, आंबिलीचे तीन पेले रिचवले, आणि चिंध्या बांधलेल्या झाडांकडं बघत म्हणाले, "सुभद्रे, एवढं नटवलंस, आता लग्न लावून दे एकेकीचं." मी आयुष्यात पुढं मोठमोठ्या हॉटेलांत जेवले. पण पोटभर जेवून, करंजाच्या सावलीत दादांच्या मांडीवर डोकं टेकून, गंगेवरून येणारा थंड वारा अंगावर घेत पडून राहायचं सुख मला परत मिळालं नाही, आणि मिळालं नाही म्हणून मी रडतही नाही. एकदा मिळालं, पुष्कळ झालं.

दुसऱ्या वर्षी मोजणीच्या तोंडावर मायचा पाय मुरगळला. पालमहून कापडाचं गाठोडं घेऊन एसटीतून उतरताना पायरी चुकली. पाय सुजून भोपळा झाला. तेव्हा टेप माझ्या हातात आली. माय खाटेवरून म्हणाली, "मंजे, चिंधीवर टेप ठेव. शहाणपणा करू नकोस."

"हाव गं माय," मी म्हणाले, आणि शहाणपणा केला.

पहिल्याच झाडाशी, काठावरच्या जांभळाशी, मी चिंधी पाहिली. ती माझ्या छातीच्या चांगली वीतभर खाली होती. मी विचार केला, साहेबांनी छातीएवढी उंची सांगितली, मग ही इतकी खाली कशी? घसरली असणार. शिवाय झाड वर्षभरात वाढलं, म्हणजे खोडावरची चिंधीसुद्धा वर सरकायला हवी होती. ती सरकली नाही, उलट खालीच आहे, म्हणजे नक्कीच घसरली. अशा खुणेवर काय भरवसा ठेवायचा? सायन्सची विद्यार्थिनी होते ना मी! मी सरळ माझ्या छातीशी टेप धरली आणि शंभराच्या वर झाडं तशीच मोजली. घरी येऊन ऐटीत आकडे पाठवले. मायनं मला त्या दिवशी तुपातला शिरा करून घातला, लंगडत लंगडत. त्या शिऱ्याची आठवण आली की मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दहाएक दिवसांनी कंपनीतून मायला फोन आला. आकडे उलटे आलेत, म्हणाले. झाडं वर्षभरात वाढायची सोडून बारीक झालीत. बरीच झाडं मागच्यापेक्षा दोन बोटं कमी, काही जेमतेम तेवढीच. तपासणीला मॅडम येतील, त्यांना समाधानकारक वाटलं नाही तर करार बंद. फोन ठेवून माय मशीनशी बसली, पण पाय हलेना. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. कुणी म्हणालं, मोठी झाडं तोडून बारकी लावली. कुणी म्हणालं, बायकांनी घरी बसून आकडे लिहिले. कुणी काहीच म्हणालं नाही, पण आमच्या ओसरीसमोर आलं की चालायचं हळू.

दुसऱ्या दिवशी आबा आले. चहा घेतला, कप धुऊन पालथा ठेवला, आणि म्हणाले, "सुभद्रे, मी तकरार करायला आलो न्हाई. शब्द तू दिला होतास, एवढंच."

"ध्यानात हाय, आबा," माय म्हणाली.

ते गेल्यावर तिनं एका ब्लाऊजला डावी बाही उजवीकडं जोडली. एवढ्या वर्षांत तिला शिवण उसवताना मी पहिल्यांदा पाहिलं. ती उसवत होती आणि बोलत नव्हती. घरात फक्त दोरे तुटल्याचा आवाज. तेव्हा दादा माझ्याजवळ आले. गप्प माणसाला सगळं दिसतं, हे तेव्हा कळलं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "टेप चिंधीवर ठेवली होतीस ना, मंजे?"

"हाव," मी म्हणाले.

बापाशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. दादांनी मान डोलावली आणि चुलीत लाकूड सारलं. मी स्वतःला समजावत होते की माझं चुकलेलंच नाही, चिंधीच घसरली होती. पण माझं चुकलं नसेल तर मी खोटं का बोलले, याचं उत्तर सापडत नव्हतं. आणि माय तर रोज कुंपणाकडं बघून यायची, तारांना हात लावून.

तपासणीच्या दिवशी अख्खं गाव जांभळाखाली जमलं. मॅडम माझ्याहून पाच-सात वर्षांनीच मोठ्या असतील, डोक्यावर टोपी, पाठीवर बॅग, हातात एक रंगवलेली काठी. त्यांनी काठी झाडाला लावली, टेप फिरवली, आकडा पाहिला, वही पाहिली, परत टेप फिरवली. त्यांचा आकडा मायच्या पहिल्या आकड्यापेक्षा कमी तर होताच, माझ्यापेक्षाही कमी होता. एक झाड, तीन मापं, आणि दर खेपेला ते बारीकच होत चाललेलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अजून दोनदा मोजा, रोप होईल त्याचं." लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. "मावशी, हे असं कसं झालं?" त्यांनी विचारलं.

माय लंगडत पुढं झाली. "काय चुकलं मला ठावं न्हाई, मॅडम. पण जे चुकलं ते माझं. टेप माझी, गट माझा. पोरीकडं बोट दाखवू नका." आणि मग मागं वळून, आवाज जराही न कापता, "आबा, उद्या सकाळी येते मी. कुंपण काढायला."

मी कधी पुढं आले मलाच समजलं नाही. "मायचं न्हाई!" मी ओरडले. "तिनं मला चिंधीवर टेप ठेव म्हणून सांगितलं होतं. मी ठेवली न्हाई. दादा, मी तुमच्याशी बी खोटं बोलले."

"मग कुठं ठेवलीस?" मॅडमनी विचारलं.

"इथं." मी छातीवर हात ठेवला. "चिंधी खाली घसरली होती. झाड वाढलं की चिंधी वर जाती ना, ही खाली होती, म्हणून..."

म्हाळू आबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाठीत थापा माराव्या लागल्या. मग त्यांनी मला दंडाला धरून शेजारच्या जुन्या लिंबाशी नेलं. खोडावर कुऱ्हाडीचा एक जुना घाव होता, कडेनं साल सुजून आलेली. "ही माझ्या बापानं केलेली खूण. मी लेकरू होतो तवा ती माझ्या डोक्याला लागायची. आता बघ, कमरेला हाय. खूण हलली न्हाई पोरी, मी वाढलो. झाड शेंड्याला वाढतं आन अंगानं सुटतं. बुडातून वर सरकायला ते काय शिडी हाय, तुझ्यासारखी?"

गाव खो खो हसलं. मी जमिनीत जायची बाकी होते. पण मॅडम मात्र मायकडं बघत होत्या. "मावशी, पहिल्या वर्षी तुम्ही माप कुठं घेतलं?" मायनं छातीवर हात ठेवला. मॅडमनी एकदा तिच्या हाताकडं पाहिलं, एकदा माझ्या. मग म्हणाल्या, "गटातल्या सगळ्याजणी ओळीनं उभ्या राहा. आणि छातीएवढी उंची दाखवा." सात बायका उभ्या राहिल्या, सात हात सात छात्यांवर गेले, आणि एकही हात दुसऱ्या हाताच्या रेषेत नव्हता. आधी बायकाच हसायला लागल्या. मग मॅडम. त्यांनी हातातली काठी मायच्या शेजारी उभी केली. "साडेचार फूट, मावशी. माप इथं घ्यायचं असतं." काठीचं टोक मायच्या भुवईला लागलं.

"इथं?" माय म्हणाली. "अगं बाई, हे माझं कपाळ हाय!"

"छाती साहेबांची होती, मावशी."

मग सगळं कोडं सुटलं. झाड बुडाशी जाड, वर निमुळतं. मायनं खाली मोजलं, आकडा मोठा आला. मी वर मोजलं, आकडा लहान आला. मॅडमनी आणखी वर मोजलं. तेवढ्यात कधी नव्हे ते दादा बोलले. गर्दीच्या मागून म्हणाले, "चिंधीवर मोजा की." मॅडमनी चिंधीवर टेप फिरवली. मायच्या पहिल्या आकड्याहून दोन बोटं जास्त. सादडा मोजला, त्याचंही तेच. करंज तर तीन बोटं सुटला होता. आबा काठीनं जमीन ठोकत म्हणाले, "म्हंजे वाढल्यात म्हना की पोरी!"

इथंच थांबलं असतं तर छान झालं असतं, पण माय थांबणारी नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, आमचं पहिलं माप बी खालचंच होतं. म्हंजे आमी जास्तीचा आकडा दिला. नकळत दिला, पर दिला. ते बी लिहा." शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं, "गप बस की सुभद्रे." माय गप्प बसली नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं. मग तीन दिवस सगळी झाडं काठी लावून पुन्हा मोजली आणि तेच पहिलं माप धरलं. त्यामुळं पैसा एक वर्ष उशिरा आला आणि ठरल्यापेक्षा कमी आला. पण आला. वरच्या माळावर पाणी गेलं, मका आणि हत्तीघास उभा राहिला. त्या एका वर्षाची कळ आबांनी मायला एकदाही बोलून दाखवली नाही. फक्त चहा मात्र रोज घ्यायला लागले.

तपासणी झाली त्या दिवशी घरी आल्यावर मायनं ब्लाऊजच्या मापांचे कागद ठेवायचं गाठोडं सोडलं आणि त्यातून बाहीचा साचा काढला. जाड, गुळगुळीत कागद. साहेबांनी दिलेला. बाहीच्या गोलाईवर छापलेलं होतं, "जमिनीपासून साडेच", आणि पुढचं "ार फूट" गळ्याच्या साच्यावर. एवढा चांगला कागद वाया कसा घालवायचा म्हणून तिनं तो मिळाला त्याच दिवशी कापला होता. दोन तुकडे मांडीवर जोडून ती वाचत राहिली. मग आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. मी म्हणाले, "माय, मी खोटं बोलले गं."

"बोललीस. आन मग अख्ख्या गावापुढं खरं बी बोललीस. मी तर न वाचताच त्याची बाही कापली." ती खाटेला टेकून उभी राहिली. "खाली हो की जरा, शिडे."

मी खाली झाले.

पाय बरा झाल्यावर मायनं सगळ्या चिंध्या सोडल्या. झाडाच्या गळ्याला फास नको, म्हणाली. जांभळाशी आल्यावर मात्र थबकली. त्यावर तिच्या स्वतःच्या जांभळ्या नायलॉनच्या साडीचा काठ होता. तिनं गाठ सोडून त्याच जागी, चांगली सैल करून पुन्हा बांधली. "एक राहू दे. आपण किती शहाणे होतो ते ध्यानात राहील."

त्यालाही आता किती वर्षं झाली. मशीन माझ्याकडं आहे, चालवत नाही, पुसते. दादा गेले, त्यांच्यामागून दोन वर्षांनी माय गेली. म्हाळू आबा तर केव्हाच गेले. त्यांच्या नातवाच्या शेळ्या माळावर आहेत, आणि घंट्या पुन्हा भरपूर वाजतात. मी येळवशीला दरसाल गावी जाते. आंबील मीच करते, दादांसारखी जमत नाही. गटाची साडेचार फुटांची काठी पंचायतीच्या कोपऱ्यात असते. मोजणीच्या पोरी मुद्दाम ती माझ्याशेजारी उभी करतात. तेव्हा ती माझ्या खांद्याला यायची, आता हनुवटीशी येते. शिडीच्या पायऱ्या झिजल्या, मी म्हणते, आणि पोरी हसतात.

पंगत उठली, की मी एकटी जांभळाकडं जाते. झाड आता कवेत मावत नाही. सैल बांधलेली चिंधी केव्हाच घट्ट झाली आणि सालीनं ती आत घेतली. खोडाभोवती एक उंचवटा राहिला आहे, आणि एके ठिकाणी गाठीचा जांभळा तुकडा बाहेर दिसतो, बोटाच्या पेराएवढा. आबांनी सांगितलं ते खरंच होतं. एवढं झाड वर गेलं, पण चिंधी तसूभर हलली नाही. मायची छाती जिथं होती, तिथंच आहे. तिथं डोकं टेकायचं तर मला अजून कमरेतून वाकावं लागतं. आता कुणी खाली हो म्हणत नाही. मी आपली होते.